आजोबांनी सांगितलेलं काम

शुक्रवारी संध्याकाळी निकाल लागला. विद्यापीठाच्या पोर्टलवर विषयाच्या नावापुढे ५.० असा आकडा होता. आपल्याकडे पाच म्हटलं की काहीतरी पदरात पडलं असं वाटेल, जर्मनीत १.० सगळ्यात वरचा आणि ५.० म्हणजे नापास. भूजलाच्या गणिताचा हा विषय, आणि मी त्यात दुसऱ्यांदा नापास झाले होते. पहिल्या वेळचं घरी सांगितलंच नव्हतं. "इथे निकाल फार उशिरा लागतात" असं म्हणून वेळ मारून नेली होती. आता तिसरी संधी होती आणि ती शेवटची. तीही गेली की अभ्यासक्रमातून नाव कमी होतं.

माझ्या शिक्षणासाठी बाबांनी बँकेचं कर्ज काढलं आहे. शिवाय इथल्या नियमाप्रमाणे वर्षभराच्या खर्चाचे ११ हजारांहून जास्त युरो येण्याआधीच एका खात्यात ठेवावे लागतात. त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. आई हे कधी बोलून दाखवत नाही, पण व्हिडिओ कॉलवर तिचे मोकळे हात दिसतात.

शनिवारी दुपारी आमचा घरचा फोन ठरलेला असतो. त्या शनिवारी सकाळी मी उठले ती एकच विचार घेऊन, की दिवसभर बाहेर राहायचं. म्हणजे फोन आला तर "बाहेर आहे, रात्री बोलते" असं खरं खरं सांगता येईल. एप्रिल लागला होता, ऊन होतं, आणि ड्रेस्डेनमध्ये फुकट बसता येईल अशा जागा म्हणजे बागा. म्हणून बागा. निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं, ते आधीच सांगून टाकते.

पण खोलीतून निघताना आजोबांचं काम आठवलं.

आमचं घर फतेगंजच्या बाजूला. आजोबा गेली कित्येक वर्षं रोज दोन्ही वेळा कमाटीबागेत जातात. तिला सयाजीबाग म्हणणारा माणूस बाहेरचा, असं त्यांचं मत आहे. नोकरीही त्यांनी महापालिकेच्या बाग खात्यातच केली, ३१ वर्षं, कारकून म्हणून. रोपं कधी लावली नाहीत, पण रोपांच्या फायली लावल्या. मी जर्मनीला, तेही ड्रेस्डेनला जाणार हे कळल्यावर बाकी सगळ्यांनी थंडीची चौकशी केली. आजोबा म्हणाले, "अगं, म्हणजे आपल्या क्रुंबिगल साहेबाच्या गावी चाललीस की! त्याची शाळा बघून ये."

गुस्ताव्ह हेर्मान क्रुंबिगल. जन्म १८६५, ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावात. बागकामाचं शिक्षण ह्याच भागात, एल्बे नदीकाठच्या पिल्निट्झच्या राजवाड्याच्या बागेत. तिथून तो इंग्लंडला गेला, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलं, आणि १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्याला आला. पुढे म्हैसूर संस्थानानं त्याला नेलं. बंगळुरूच्या लालबागेचं नाव घेतलं की त्याचं नाव येतंच. युद्धाच्या दिवसांत जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला नजरकैदेतही टाकलं, तरी तो परत गेला नाही. १९५६ मध्ये बंगळुरूतच वारला. आजोबांच्या मते कमाटीबाग त्यानंच केली. ते काही बरोबर नाही. बाग १८७९ ची, तो यायच्या चौदा वर्षं आधीची. पण हे मी आजोबांना अजून सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

दीड वर्ष झालं तरी मी पिल्निट्झला गेले नव्हते. आजोबा दर फोनला विचारायचे, मी म्हणायचे परीक्षा झाली की जाते. आता परीक्षा झाली होती.

पहिल्यांदा गेले बोटॅनिकल गार्डनमध्ये. ते शहरातच आहे, ट्रामच्या थांब्याजवळ, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. काचघराचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर धुकं बसलं. चष्मा काढून उभी राहिले. काही दिसत नव्हतं, फक्त वास येत होता: ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा, गरम दमट हवेचा. जुलैतलं बडोदं. पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या जिन्याखाली येतो तो वास. चष्मा पुसून घातला तर समोर केळ होती, कडा फाटलेल्या पानांची, आणि खाली लॅटिन नावाची पाटी. आपल्या परसातल्या बाईला कुणीतरी पाहुणी म्हणून काचेच्या खोलीत बसवलंय असं वाटलं. तिथे बाकावर अर्धा तास बसले. कोट काढून मांडीवर घेतला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घाम आला.

त्याला लागूनच ग्रोसर गार्टन आहे. नावाचा अर्थच मोठी बाग. १६७६ मध्ये राजपुत्रासाठी आखलेली, पुढे सगळ्या गावाची झाली. खरोखर मोठी आहे. कमाटीबागेसारख्या चार बसतील. मध्ये सरळ रेघेत जाणारे रस्ते, दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं. एप्रिलमध्ये त्यांना पानं नसतात, नुसत्या कळ्या. गवतात मात्र निळ्या फुलांचे थर पसरलेले. लोक सायकली आडव्या टाकून उन्हात तोंड करून बसले होते. सहा महिने उजेड न मिळालेली माणसं ऊन कशी खातात ते बघण्यासारखं असतं. आपण उन्हातून सावलीत पळणारे, आपल्याला ते कळायला एक हिवाळा जावा लागतो.

आणि मग शिट्टी ऐकू आली.

ग्रोसर गार्टनमध्ये छोटी आगगाडी आहे. रूळ ३८१ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे सव्वा फूट. १९५० पासून चालते, साडेपाच किलोमीटरचा फेरा, आणि गंमत म्हणजे ती मुलं चालवतात. इंजिनावर मोठी माणसं असतात, पण तिकीट देणं, पंच करणं, हिरवा झेंडा दाखवणं, स्टेशनवर घोषणा करणं हे सगळं शाळकरी मुलं करतात, गणवेशात. हंगाम नुकताच सुरू झाला होता. मी तिकीट काढलं. अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. टोपी त्याच्या डोक्याला मोठी होत होती, ती तो दर दोन मिनिटांनी वर सरकवत होता. मी त्याला जर्मनमध्ये विचारलं की पुढचं स्टेशन कुठलं. त्यानं आधी माझं व्याकरण दुरुस्त केलं, मग स्टेशनचं नाव सांगितलं, मग तिकिटाला भोक पाडलं. हसला नाही. कामावर होता.

कमाटीबागेतली आमच्या लहानपणची गाडी तुमच्यापैकी कितीजणांना आठवते कोण जाणे. तिच्यात मी आजोबांच्या मांडीवर बसून इतक्या फेऱ्या मारल्या आहेत की वळण कुठे येणार ते डोळे मिटून सांगता यायचं. आजोबा गाडीत बसले की हात बाहेर काढू द्यायचे नाहीत. ड्रेस्डेनच्या त्या गाडीत मी पंचविसाव्या वर्षी एकटी बसले होते आणि हात मांडीखाली घातले होते.

बागेच्या मधोमध एक महाल आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये शहरावर बॉम्ब पडले, त्यात तो जळाला. घरं पेटली म्हणून लोक ह्या बागेत धावत आले होते आणि दुसऱ्या खेपेला बॉम्ब बागेवरही पडले. आता महाल बाहेरून उभा केला आहे. आत मात्र अजून बऱ्याच ठिकाणी भिंती तशाच उघड्या आहेत. समोरच्या तळ्याच्या काठावर त्या दिवशी कुणाच्या तरी साठाव्या वाढदिवसाचा केक कापला जात होता.

दुपारी बारा वाजता फोन वाजला. बाबा. मी उचलला नाही. "बागेत आहे, आवाज येत नाहीये, रात्री करते" असा मेसेज टाकला. आवाज व्यवस्थित येत होता.

दोन नंबरची ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत नेते. तिथून थोडं चाललं की एल्बे नदी, आणि पलीकडे जायला फेरीबोट. आमचं विद्यार्थी तिकीट बोटीलाही चालतं. बोट दोन-चार मिनिटांची, पण त्या दोन मिनिटांत पिल्निट्झ समोरून जवळ येत जातो: पिवळसर भिंती, कमानदार चिनी छपरं, आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आपल्या घाटासारख्या. अठराव्या शतकातली सॅक्सनीच्या राजांची ही उन्हाळ्याची हौस. ते ड्रेस्डेनहून होडीतून इथे यायचे.

पायऱ्या चढून वर गेलं की भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. रेघ आणि वर्ष. २००२ ची रेघ बघितली आणि मी तिथेच थांबले. त्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेनला एल्बे ९.४० मीटरपर्यंत चढली होती. आमच्या वर्गात हा आकडा पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. इथे तो भिंतीवर होता आणि नदी खाली शांतपणे वाहत होती, एक बदक घेऊन.

आमच्या घरीही अशी रेघ आहे. २०१९ मध्ये विश्वामित्री चढली तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी आलं. बडोद्याच्या माणसाला २६ फूट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. काळ्या घोड्याच्या पुलापाशी तेवढं पाणी झालं की सगळ्यांच्या फोनवर तेच. त्या रात्री आम्ही वरच्या गुप्तेकाकूंकडे झोपलो आणि खाली अंगणात मगर आली आहे की ओंडका वाहत आलाय यावर पुरुषमंडळींची चर्चा पहाटेपर्यंत चालली. ओंडका होता. पाणी उतरल्यावर बाबांनी पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारली, तारीख लिहिली. पुढे रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला सांगून तेवढी पट्टी तशीच ठेवली. मी पाण्याचा अभ्यास करायला इथे आले ती त्या रेघेमुळे. अर्जात मी तसं लिहिलंही होतं. आता त्याच पाण्याच्या गणितात दोनदा आपटले होते.

मग कॅमेलिया बघायला गेले. हे झाड पिल्निट्झची राणी आहे. १८०१ पासून एकाच जागी, जपानच्या जातीचं, जवळजवळ नऊ मीटर उंच. थंडीत ते जगणार नाही म्हणून त्याच्यासाठी रुळांवर चालणारं काचघर केलं आहे. मे महिन्यात घर बाजूला सरकवतात, थंडी आली की परत झाडावर आणतात. झाड हलवता येत नाही म्हणून घर हलवायचं! फुलं लाल, एकेरी पाकळ्यांची, मध्ये पिवळा पुंजका, थोडी आपल्या जास्वंदीची चुलत बहीण वाटावी अशी. मी गेले तेव्हा बहर संपत आला होता. जमिनीवर फुलांचा सडा होता. कॅमेलियाचं फूल पाकळी पाकळी गळत नाही, अख्खं पडतं.

तिथे एक वयस्कर कामगार खराट्यानं फुलं गोळा करत होता. त्यानं मला एक गोष्ट सांगितली, तशी ती तिथल्या फलकावरही आहे. १९०५ च्या जानेवारीत झाडावरच्या जुन्या लाकडी घराला आग लागली. बंबवाल्यांनी पाणी मारलं. कडाक्याची थंडी, पाणी झाडावर पडता पडता गोठलं. सगळं झाड बर्फाच्या आवरणात. वाटलं, गेलं. वसंतात पालवी फुटली.

मी त्याला क्रुंबिगलबद्दल विचारलं. वहीत नाव लिहून दाखवलं. त्यानं चष्मा वर करून वाचलं आणि मान हलवली. नाही माहीत. मी म्हटलं, तो इथे शिकला, आमच्या गावी आला, मग बंगळुरूला मोठ्ठी बाग सांभाळली. तो म्हणाला, "इथून शिकून पुष्कळ जण गेले." अजूनही पिल्निट्झमध्ये बागकाम शिकवतात. बाहेरच्या वाफ्यांत तिघं-चौघं तरुण गुडघ्यावर बसून पॅन्सीची रोपं लावत होते, दोरी धरून, एका ओळीत. त्यातल्या एकीची ओळ वाकडी गेली आणि तिच्या वरिष्ठ बाईंनी पाच-सहा रोपं उपटायला लावली. तिनं उपटली, परत लावली. त्या बाई बाजूला उभं राहून केळं खात होत्या.

मी एक पडलेलं फूल उचलू का असं विचारलं. त्या माणसानं खराट्यानंच दोन-तीन बाजूला काढली, त्यातलं बरं मला दिलं.

पावणेदोन वाजले होते. बडोद्यात सव्वापाच. म्हणजे आजोबा कमाटीबागेत, बँडस्टँडजवळच्या त्यांच्या बाकावर. बाबांना फोन करायची छाती नव्हती. आजोबांना लावला.

आधी नेहमीप्रमाणे त्यांचा अंगठा दिसला, मग आभाळ, मग कडुनिंबाची फांदी, मग आजोबा. मागून कुणीतरी ओरडलं, "पूछो ने, ठंडी केवी छे त्यां?" मी फोन फिरवून राजवाडा दाखवला, काचघर दाखवलं, वाफे दाखवले. "ही क्रुंबिगल साहेबाची शाळा, आजोबा." ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माती काळी दिसत नाही."

"नाही, भुरकी आहे."

"म्हणजे पाणी धरत नसेल."

झाडाची गोष्ट सांगितली, आगीची आणि बर्फाची. ती त्यांना फार आवडली; बाकावरच्या मंडळींना त्यांनी ती लगेच गुजरातीत सांगितली, थोडी वाढवून. त्यांच्या गोष्टीत बंबवाल्यांचा साहेब क्रुंबिगलच होता. १९०५ मध्ये तो बडोद्यात होता, पण असो.

मग मी म्हटलं, "आजोबा, मी नापास झाले. दुसऱ्यांदा."

तिकडे मुलांचा गलका चालू होता. आजोबांनी फोन कानाला लावला, त्यामुळे मला नुसता पांढरा केस दिसायला लागला.

"कशात?"

"भूजलात."

"म्हणजे जमिनीखालचं पाणी."

"हो."

"ते दिसत नाही ना," आजोबा म्हणाले. "परत बसता येतं का?"

"एकदाच."

"मग बस. बापाला सांगितलंस?"

"नाही."

"मी नाही हं सांगणार. तो मला ओरडेल."

परत येताना बस घेतली आणि 'निळं आश्चर्य' नावाच्या पुलापाशी उतरले. १८९३ चा लोखंडी पूल. क्रुंबिगल बडोद्याला पोचला त्याच वर्षीचा. तिथून नदीकाठच्या कुरणातून चालत निघाले. एल्बेचा हा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात होता, पण लोकांना वाहतुकीसाठी नवा पूल हवा होता, तो बांधायला घेतला म्हणून २००९ मध्ये नाव काढून टाकलं. मी त्या पुलाखालूनच गेले. काठावर कुणी बांधकाम केलेलं नाही, नुसतं गवत. पुराचं पाणी आलं तर पसरायला जागा. विश्वामित्रीला अशी जागा आपण कुठे ठेवली आहे, हा प्रश्न मला माझ्या अर्जात लिहायला हवा होता. तेव्हा सुचला नव्हता.

रात्री बाबांना फोन केला. त्यांच्याकडे साडेअकरा. मी सगळं सांगितलं, पहिल्या वेळचंही. बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या एप्रिलपासून?" मी हो म्हटलं. "म्हणजे वर्षभर तू आम्हाला..." असं म्हणून ते थांबले आणि फोन ठेवला. नापास होण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. जे बोलले ते खोटं बोलण्याबद्दल, आणि तेही पुरं बोलले नाहीत. त्या अर्ध्या तासाइतका वाईट वेळ मी ड्रेस्डेनमध्ये काढलेला नाही. काचघरात आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला.

"परीक्षा कधी आहे?"

"२४ जुलै."

"थांब, लिहून ठेवतो." मागे कालनिर्णयची पानं उलटल्याचा आवाज आला. "झोप आता."

दुसऱ्या दिवशी आईनं कॅलेंडरचा फोटो पाठवला. जुलैच्या पानावर २४ च्या चौकटीत बाबांच्या बारीक अक्षरात 'भूजल', आणि शेजारच्याच चौकटीत आईचं 'गॅस नोंदवणे'. दुसरा फोटो एप्रिलचा होता. त्या शनिवारच्या चौकटीत थरथरत्या अक्षरात आजोबांनी लिहिलं होतं, 'क्रुंबिगल शाळा - पाहून झाली.' कारकुनाचं खातं बंद केल्यासारखं, खाली दोन रेघा.

हे लिहिते आहे तेव्हा परीक्षेला १९ दिवस उरलेत. ते फूल भूजलाच्या वहीत ठेवलं होतं, त्यानं समीकरणांच्या दोन पानांवर तपकिरी डाग पडले आहेत, पण वाचता येतात. वाचनालयात सध्या जागा मिळत नाही, म्हणून मी वही घेऊन ग्रोसर गार्टनमध्ये बसते, लिंडनच्या सावलीत. आता पानं आली आहेत. गाडी दर थोड्या वेळानं समोरून जाते. त्या मुलाची टोपी अजून मोठीच आहे.